तक्त्यावर न मोजली जाणारी नजर

साठी उलटलेल्या रुग्णांबरोबर दवाखान्यात येणारी एक तक्रार मी अनेक वर्षे ऐकत आले आहे. ती रुग्ण स्वतः क्वचितच सांगतात. सांगतात ती त्यांची मुले, सुना, कधी नातवंडे. "मॅडम, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, नंबर तपासलाय, डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात नजर उत्तम आहे. तरी ती उंबऱ्याला अडखळतेच. समोरून गाडी आली तरी पुढं पाऊल टाकते. लक्षच नसतं तिचं." हे शेवटचे वाक्य उच्चारताना मुलाच्या आवाजात वैताग असतो आणि शेजारी बसलेल्या आईची मान खाली गेलेली असते.

त्या शेवटच्या वाक्याशी माझे भांडण आहे, आणि आजचा लेख त्या भांडणापायीच लिहीत आहे.

प्रथम हे स्पष्ट करते की नेत्रतज्ज्ञांनी सांगितलेले खोटे नसते. त्यांच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता हा एक विश्वासार्ह आणि जुना मापदंड आहे. हर्मन स्नेलेन या डच नेत्रवैद्याने तो १८६२ साली तयार केला. सहा मीटरवरून ठरावीक ओळ वाचता आली की आपण '६/६' म्हणतो आणि निश्चिंत होतो. परंतु या परीक्षेच्या अटी नीट पाहा. अक्षर काळेभोर, पार्श्वभूमी पांढरीशुभ्र, तक्त्यावर उजेड भरपूर, अक्षर जागचे हलत नाही, आणि उत्तर द्यायला हवा तेवढा वेळ. संध्याकाळी करड्या दगडाची पायरी उतरताना किंवा भर बाजारात रस्ता ओलांडताना यांतील एकही अट पाळली जात नाही. तक्ता मोजतो तो नजरेचा बारकावा. आकार आणि गती ओळखणे हे निराळे काम आहे, आणि त्याचा मोठा भाग डोळ्यांत नव्हे तर डोक्याच्या मागच्या बाजूस असलेल्या मेंदूत चालतो. वाढत्या वयाबरोबर हे काम मंदावते. मोतीबिंदू काढला तरीही काही अंशी मंदावलेलेच राहते.

घरच्या घरी याचा पडताळा घ्यायचा असेल तर गोळ्यांचे पाकीट हातात घ्या. वर्तमानपत्र सहज वाचणारे आजोबा चंदेरी पत्र्यावर चंदेरीच उठवलेली मुदत संपण्याची तारीख वाचू शकत नाहीत. अक्षर लहान आहे म्हणून नव्हे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांत फरक अत्यल्प आहे म्हणून. उठाव ओळखण्याची ही शक्ती मोजणारे तक्तेही आहेत. त्यांवरील अक्षरे एकाच आकाराची, पण ओळीगणिक फिकट होत जाणारी असतात. पेली-रॉबसन हा त्यांतला प्रसिद्ध तक्ता १९८८ पासून वापरात आहे. आपल्याकडे नेहमीच्या तपासणीत तो फारसा वापरला जात नाही. माझ्या मते साठीपुढच्या प्रत्येकाच्या तपासणीत तो असायला हवा, कारण पायरीवरून पडणारा माणूस बारीक अक्षर न दिसल्याने पडत नाही, तर फिकट कड न दिसल्याने पडतो.

आता उजेडाकडे येते. वयाबरोबर बाहुली लहान होत जाते आणि अंधारातही पूर्वीसारखी उघडत नाही. डोळ्यातील नैसर्गिक भिंग पिवळसर आणि दाट होते. या दोहोंचा परिणाम असा की विशीतील तरुणाच्या दृष्टिपटलावर जितका प्रकाश पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांश प्रकाशच साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर पोचतो. म्हणजे एकाच खोलीत, एकाच ट्यूबलाईटखाली बसलेले नातू आणि आजोबा दोन निराळ्या उजेडांत बसलेले असतात. शस्त्रक्रियेने पिवळे भिंग जाऊन स्वच्छ कृत्रिम भिंग येते, तो मोठा लाभ आहे. पण बाहुली लहान ती लहानच राहते. शिवाय मंद प्रकाशात पाहण्यासाठी दृष्टिपटलावर ज्या दंडपेशी असतात, त्या वयाबरोबर कमी झालेल्या असतात. उन्हातून घरात आल्यावर अंधाराला सरावायलाही वृद्धांना अधिक वेळ लागतो. "बाहेरून आल्यावर घटकाभर दारातच उभे राहा," असे मी माझ्या रुग्णांना सांगते. काहींना ते पथ्यापाण्याहूनही अवघड वाटते.

मी कराडला राहते. कृष्णा-कोयनेच्या संगमावर संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांत माझे बरेच रुग्ण असतात. घाटाच्या पायऱ्या दगडी, एकाच रंगाच्या. सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक पायरीच्या कडेखाली सावलीची एक रेघ उमटते आणि पायऱ्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट दिसतात. दिवेलागणीला ती सावली नाहीशी होते आणि त्याच पायऱ्यांचा एक सलग करडा उतार होऊन जातो. तरुण डोळ्यांना त्यातूनही कडा वेगळ्या काढता येतात. सत्तरीच्या माणसाला मात्र पाऊल पुढे टाकून, चाचपून पाहावे लागते. पायऱ्या चढण्यापेक्षा उतरताना अधिक माणसे का बिचकतात, याचे एक उत्तर येथे आहे. चढताना पायरीचा उभा भाग डोळ्यांसमोर असतो. उतरताना दिसते ती केवळ कड.

कडांचे महत्त्व मेंदूच्या अभ्यासकांनी फार पूर्वी जाणले. मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील पेशी विशिष्ट कोनातील रेघेला किंवा कडेला प्रतिसाद देतात, हे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी दाखवून दिले आणि १९८१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. एखादी पेशी आडव्या रेघेची, एखादी उभीची, तर एखादी डावीकडून उजवीकडे सरकणाऱ्या रेघेची, असे हे कामाचे वाटप असते. पुढे वृद्ध माकडांवरील प्रयोगांत असे दिसले की म्हातारपणी या पेशींचा चोखंदळपणा कमी होतो. आडव्या रेघेची पेशी तिरप्या रेघेलाही प्रतिसाद देऊ लागते. पेशी मेलेल्या नसतात, उलट काहीशा अधिकच बोलक्या झालेल्या असतात. फक्त त्यांच्या बोलण्यात नेमकेपणा उरत नाही. सुटे सुटे तुकडे जोडून एक सलग बाह्यरेषा घडवणे आणि 'ही खुर्ची, ही तिची सावली' असा निवाडा करणे हे काम त्यामुळे सावकाश होते. आजूबाजूला पसारा असेल तर आणखीच सावकाश. गच्च भरलेल्या फडताळात समोरच असलेला डबा आजींना सापडत नाही आणि सून तो पटकन काढून देते, तेव्हा दोघींनीही हे आठवावे.

आमच्या शेजारच्या गल्लीतील आक्कांची हकीकत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. वय ७४. एका डोळ्याचे ऑपरेशन झालेले, दुसऱ्याचे व्हायचे. घरापुढे शहाबादी फरशीच्या चार पायऱ्या, आणि समोरच्या देवळात रोज संध्याकाळी हरिपाठ. दोनदा तोल गेल्यावर मुलाने त्यांचे देवळात जाणे बंद केले. मुलाचा हेतू वाईट नव्हता. हाड मोडले तर काय होते हे त्याने आपल्या मावशीच्या आजारपणात पाहिले होते. चार महिन्यांनी आक्का माझ्याकडे आल्या त्या गुडघेदुखीसाठी. खुर्चीतून उठताना त्यांना दोन्ही हातांचा आधार घ्यावा लागत होता, जो पूर्वी लागत नसे. मांड्यांचे स्नायू रोडावले होते. मी पायऱ्यांविषयी विचारले तेव्हा म्हणाल्या, "खाली भुई हाय का पायरी, हे पाय टाकल्याबिगर कळत न्हाई बगा. पोराला सांगितलं तर म्हणतो, डॉक्टरनं तर डोळं चांगलं हायती म्हणून सांगितलंय."

एका डोळ्याला स्वच्छ आणि दुसऱ्याला धूसर दिसत असेल, तर दोन्ही डोळ्यांच्या प्रतिमा जुळवून खोलीचा अंदाज घेणे मेंदूला जड जाते. दोन शस्त्रक्रियांमधला हा काळ अनेक घरांत महिनोन् महिने लांबतो, कारण 'एका डोळ्यानं भागतंय'. तसे भागत नाही. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे सत्तरीपुढील स्त्रियांच्या एका अभ्यासात पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर केलेल्या गटात पडण्याचे प्रमाण वाट पाहणाऱ्या गटापेक्षा ३४ टक्क्यांनी कमी आढळले होते. म्हणजे मोतीबिंदू हा केवळ वाचनाचा प्रश्न नाही, तो हाडांचाही प्रश्न आहे.

आक्कांच्या मुलाला मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अर्थातच दुसऱ्या डोळ्याची. दुसरी अशी की प्रत्येक पायरीच्या आडव्या पृष्ठभागावर, अगदी कडेला, दोन इंच रुंदीचा पिवळा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगवावा. रंग गुळगुळीत नसावा म्हणून ओला असतानाच त्यावर थोडी बारीक वाळू भुरभुरावी. आणि दिवा असा बसवावा की त्याचा झोत उतरणाऱ्याच्या डोळ्यांत जाणार नाही. कठडा नव्हता, तोही करवून घेतला. त्याने रविवारी बसून पट्टे मारले. आक्कांना तो भडक पिवळा रंग मुळीच आवडला नाही. दाराची शोभा गेली असे त्या अजूनही म्हणतात, आणि रोज त्याच पट्ट्यांवर नजर ठेवून देवळात जातात.

तुमच्या घरातही दिवेलागणीच्या वेळी एक फेरी मारून पाहा. पांढऱ्या न्हाणीघरात पांढरा कमोड आणि पांढरे पायपाट, काळ्या ओट्यावर काळे हँडल, चकाकणाऱ्या फरशीवर दिव्याचे प्रतिबिंब जे पाण्यासारखे भासते, फिकट फरशीवर पसरलेले काळे पायपुसणे जे खड्ड्यासारखे भासते. नव्या घरांत हौसेने छताच्या कडेला लपवलेले मंद पिवळे दिवे लावतात. ते तिशीतल्या दांपत्याला सुखावतात. सासूबाईंना मात्र रात्री पाणी पिण्यासाठी उठणे धोक्याचे करतात. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत पावलांच्या उंचीवर लावलेले दोन लहान दिवे कोणत्याही शक्तिवर्धक औषधाहून स्वस्त पडतात. फरशीवर नक्षी असेल तर ती खोलीच्या मध्यावर चालेल, पण पायरीजवळ नको. नक्षीची रेघ कोणती आणि पायरीची कड कोणती हे वेगळे करण्यातच वेळ जातो.

आता गतीविषयी. हा भाग मला अधिक काळजीचा वाटतो, कारण यात रस्ता येतो.

गती पाहणे हे मेंदूच्या एका स्वतंत्र भागाचे काम आहे, हे पटवणारी एक विलक्षण केस आहे. जर्मनीतील योझेफ त्सील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये एका ४३ वर्षांच्या स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. मेंदूच्या दोन्ही बाजूंस एका ठरावीक जागी इजा झाल्यावर तिची गती पाहण्याची शक्ती जवळजवळ नाहीशी झाली. रंग दिसत, वस्तू ओळखता येत, वाचताही येई. पण कपात चहा ओतताना ती धार तिला गोठल्यासारखी दिसे आणि कप भरत आल्याचे कळतच नसे. रस्त्यावरची गाडी आत्ता लांब, तर पुढच्या क्षणी अगदी अंगावर. मधले येणे तिच्यासाठी घडतच नसे. वार्धक्यात असे होत नाही, घाबरू नका. मात्र तीच यंत्रणा वयाबरोबर थोडी थोडी मंदावते.

ती किती मंदावली हे तपासण्याची पद्धत तुम्हाला लगेच कळेल. जुन्या टीव्हीवर कार्यक्रम गेला की पडद्यावर 'मुंग्या' येत. समजा, त्या सैरावैरा धावणाऱ्या मुंग्यांपैकी काही मुंग्या एकाच दिशेने, उजवीकडे चालू लागल्या. किती मुंग्या शिस्तीत चालल्या म्हणजे तुम्हाला 'उजवीकडे' असे सांगता येईल? प्रयोगशाळेत संगणकाच्या पडद्यावर ठिपके वापरून हेच विचारतात. तरुणांना थोडे शिस्तबद्ध ठिपके पुरतात, वृद्धांना अधिक लागतात. गोंगाटातून एक हालचाल निवडून काढणे त्यांना जड जाते. आमच्या एसटी स्टँडवर सणासुदीला गेलात तर मुंग्यांच्या पडद्यात शिरल्यासारखेच वाटते. बस मागे येते आहे, रिक्षा वळते आहे, माणसे धावत आहेत, आणि यांतील कोणती हालचाल आपल्या दिशेने आहे हे क्षणात ठरवायचे आहे. वृद्ध माणूस तेथे गोंधळून जागीच थांबतो. त्याला भित्रा म्हणू नये. तो मेंदूला हिशेब करायला वेळ देत असतो.

येथे एक गमतीची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले की एका प्रकारची गती वृद्धांना तरुणांपेक्षा लवकर ओळखता येते. मोठ्या आकाराचा, ठळक पट्ट्यांचा नमुना पडद्यावर क्षणभर सरकवला, तर त्याची दिशा सांगण्यात आजोबा नातवाला मागे टाकतात. कारण असे की तरुण मेंदू मोठ्या, सर्वत्र पसरलेल्या हालचालीला पार्श्वभूमी समजून दाबून टाकतो, म्हणजे तिच्यापुढची लहान हालचाल उठून दिसते. वयाबरोबर हा लगाम ढिला होतो. मोठी हालचाल मग सहज जाणवते. मात्र मोठ्या हालचालीच्या पोटातली लहान हालचाल, म्हणजे धावत्या ट्रकच्या मागून अचानक बाहेर येणारी मोटारसायकल, निसटते. हा जिंकलेला सामना काही उपयोगाचा नाही, हे आजोबांना सांगताना मला जरा वाईटच वाटते.

रस्ता ओलांडताना काय घडते ते आकड्यांत पाहू. दुपदरी रस्त्याची रुंदी सात मीटर धरा. सत्तरीतील व्यक्ती सेकंदाला ०.८ मीटर या गतीने चालली तर पलीकडे पोचायला तिला जवळजवळ नऊ सेकंद लागतात. शंभर मीटरवरचा ट्रॅक्टर ताशी ३० किलोमीटरने येत असेल तर बारा सेकंदांनी पोचेल, वेळ आहे. त्याच शंभर मीटरवरची मोटारसायकल ताशी ६० किलोमीटरने येत असेल तर सहा सेकंदांत पोचेल, वेळ नाही. अंतर दोन्हीकडे सारखेच. रस्ता ओलांडण्यावरील अभ्यासांत वारंवार असे आढळले आहे की वृद्ध पादचारी निर्णय घेताना वाहनाच्या वेगापेक्षा अंतरावर अधिक भिस्त ठेवतात. वेगाचा अंदाज कच्चा पडतो, म्हणून मन 'लांब आहे' यावर विसंबते. सरळ अंगावर येणारे वाहन बराच काळ जागच्या जागी थोडेसे मोठे होत असल्यासारखे दिसते आणि अखेरच्या दोन-तीन सेकंदांत एकदम फुगते. मोटारसायकल तर अंगाने अरुंद, तिचे मोठे होणे आणखीच उशिरा ध्यानात येते. विजेवरच्या दुचाकीला आवाजही नाही; जो कान आजवर डोळ्यांची मदत करत होता, त्याचाही उपयोग नाही.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. 'गाडी लांब आहे' यावर जाऊ नये. रिकामा रस्ता किंवा थांबलेली गाडी यांवरच विसंबावे. दुभाजक असेल तेथूनच ओलांडावे, म्हणजे एका वेळी एकाच दिशेची वाहने पाहावी लागतात. तोंडाने गप्पा चालू ठेवून रस्ता ओलांडू नये; मेंदूला एका वेळी एकच काम द्यावे. बरोबरच्या तरुणाने हात धरून ओढत नेऊ नये, आपला दंड पुढे करून त्यांना धरू द्यावा.

वाहन चालवणाऱ्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. चाळिशीनंतर वाहन परवान्यासाठी डॉक्टरी प्रमाणपत्र लागते, नमुना १-अ. माझ्यासारखा कोणताही नोंदणीकृत एमबीबीएस डॉक्टर त्यावर सही करतो. त्यात डॉक्टरला विचारलेले असते की अर्जदारास तीव्र किंवा पूर्ण रंगांधत्व आहे का, आणि चांगल्या दिवसाउजेडी २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते का. प्रश्न योग्यच आहेत. पण नंबरप्लेट स्थिर आहे आणि वेळ दिवसाची आहे. सायंकाळी, समोरून झोत येत असताना, हलणाऱ्या वस्तूचा वेग ओळखता येतो का, हे तो कागद विचारत नाही.

गेल्या गळीत हंगामाच्या सुरुवातीला एक निवृत्त शिक्षक हा कागद घेऊन आले. वय ७१. सारे गाव त्यांना सर म्हणते, मीही म्हणते. रंग ओळखले, नंबरप्लेट तर दवाखान्यातून रस्त्यापलीकडची वाचून दाखवली. मी विचारले, "सर, शेतावरून परत कधी येता?" म्हणाले, "दिवस मावळल्यावर. मजूर गेल्याशिवाय निघता येत नाही." उसाच्या दिवसांत आमच्याकडच्या रस्त्यांवर संध्याकाळनंतर काय असते, हे या भागातील वाचकांना सांगायला नको. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे दिवा असला तर नशीब, आणि बाहेर डोकावणारी उसाची टोके. करड्या रस्त्यावर करडी, सावकाश चालणारी, कडा नसलेली वस्तू. आकार ओळखणे आणि वेग ओळखणे या दोन्ही शक्तींची एकाच जागी परीक्षा.

"मागच्या आठवड्यात एक ट्रॉली एकदम पुढ्यात आली," ते म्हणाले, आणि लगेच पुढे, "चूक त्याचीच होती, दिवा नव्हता." चूक त्याचीच होती यात शंका नाही. मी त्यांना एवढेच विचारले की मागे बसलेल्या नातवाला ती ट्रॉली केव्हा दिसली होती. ते गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तो आधीच ओरडला होता."

माझे वय ५६. खंबाटकी घाटातून रात्री पुण्याहून परत येताना समोरच्या पांढऱ्या दिव्यांनी माझ्याही डोळ्यांपुढे क्षणभर पडदा येतो आणि तो विरायला दहा वर्षांपूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. हे मी सरांना सांगितले. शक्यतो रात्री गाडी चालवायची नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे, हेही सांगितले. कागदावर विचारलेल्या सर्व गोष्टी त्यांच्या ठीक होत्या, तेव्हा मी सही केली. पण दिवस मावळल्यावर दुचाकी चालवणार नाही, हे त्यांनी मला तोंडी कबूल केले. आता ते मजुरांना सोडायला पुतण्याला पाठवतात आणि स्वतः पाचलाच निघतात. पुतण्या कामचुकार आहे ही त्यांची तक्रार मात्र चालू आहे.

चष्म्याविषयी थोडे. वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेल्या चष्म्यातून पायरीकडे पाहिले की नजर खालच्या भागातून जाते, आणि तो भाग हातातल्या पुस्तकाच्या अंतरासाठी बनवलेला असतो. पायरी त्याहून बरीच दूर, म्हणून धूसर. सिडनीतील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका मोठ्या अभ्यासात, असा चष्मा वापरणाऱ्या वृद्धांना बाहेर फिरण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा दुसरा चष्मा दिला. जे नेहमी बाहेर फिरत त्यांचे पडणे कमी झाले. पण जे क्वचितच बाहेर जात त्यांचे बाहेरचे पडणे उलट वाढले. तेव्हा शेजाऱ्याने केले म्हणून आपण करू नये. आपले फिरणे किती, हे नेत्रतज्ज्ञांना सांगून मग ठरवावे. जुना चष्मा बदलून नवा लावल्यावर पहिले काही दिवस पायऱ्यांवर विशेष जपावे.

"यावर काही गोळी नाही का?" हा प्रश्न येणारच. वृद्ध माकडांच्या ज्या प्रयोगांचा मी वर उल्लेख केला, त्यांतील एका प्रयोगात २००३ मध्ये मेंदूतील पेशींवर 'गॅबा' हे रसायन थेट सोडल्यावर त्या पेशी पुन्हा तरुणासारख्या नेमक्या वागू लागल्या. ही माहिती कुठून तरी कळून कोणी गॅबाच्या गोळ्या घेत असेल तर कृपया घेऊ नये. सूक्ष्म नळीने पेशीवर सोडलेला थेंब आणि पोटात गेलेली गोळी यांचा काही संबंध नाही. शिवाय झोपेसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या मेंदूतील गॅबाचाच परिणाम वाढवतात, आणि त्यांनी वृद्धांचे पडणे वाढते. (वर्षानुवर्षे घेत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा.) सरावाचा मात्र काही उपयोग दिसतो. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की पासष्टीपुढील व्यक्तींनी फिकट पट्ट्यांचा कल ओळखण्याचा काही दिवस सराव केला तर त्यांची नजर सुधारते. मात्र मोबाईलवरील मेंदूच्या व्यायामाचे महागडे अॅप घेण्याची मी शिफारस करणार नाही. रोज उजेडात चालणे, नातवंडांबरोबर चेंडू टाकणे-झेलणे, यांत पायांचाही लाभ आहे.

जे टिकते तेही सांगायला हवे. स्वीडनमधील गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये माणसांच्या सांध्यांवर लहान दिवे लावून त्यांना अंधारात चालवले. पाहणाऱ्यांना दिसत होते केवळ दहा-बारा ठिपके, पण ते हलू लागताच 'माणूस चालतो आहे' हे क्षणार्धात कळे. चालीवरून माणूस ओळखण्याची ही शक्ती उतारवयातही बऱ्यापैकी शाबूत राहते. फाटकात उभा असलेला चेहरा न ओळखणाऱ्या आजी अंगणातून चार पावले येताच "धाकटा आला वाटतं" असे म्हणतात, ते यामुळेच. लग्नकार्यात वृद्धांसमोर गपकन उभे राहून "ओळखलंत का?" असे विचारण्याची आपल्याकडे फार हौस आहे. त्याऐवजी चालत जावे, बोलावे, आपले नाव सांगावे.

अखेर एक महत्त्वाचे. मी वर्णन केलेले सर्व बदल वर्षानुवर्षे, हळूहळू आणि दोन्ही डोळ्यांत होतात. एकाएकी काही घडले तर ते वयावर ढकलू नका. सरळ रेघ, दाराची चौकट किंवा वहीच्या ओळी वाकड्या दिसू लागणे; डोळ्यापुढे पडदा सरकल्यासारखे होणे, विजा चमकणे, एकाएकी काळे ठिपके वाढणे; वस्तू दोन दिसणे; एकाच बाजूचे दिसेनासे होऊन त्या बाजूच्या दारांना धडकणे; डोळा लाल होऊन दुखणे आणि दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे. यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बोलणे अडखळत असेल, तोंड वाकडे झाले असेल किंवा हातपाय लुळा पडला असेल तर थेट मोठे रुग्णालय. काचबिंदू मात्र असा हाकारे देत येत नाही. तो बाजूची नजर गुपचूप खातो आणि समोरचा तक्ता शेवटपर्यंत वाचता येतो. म्हणून चाळिशीनंतर, आणि मधुमेह असेल तर दरवर्षी, डोळ्यातील दाब आणि दृष्टिपटल तपासून घ्यावे. नंबर तोच आहे म्हणून ही तपासणी पुढे ढकलू नये.